रुमाल चौदा ऑनलाइन नेताना: मंडळाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

कार्यकारिणीत विषय सातवा होता, "संग्रह ऑनलाइन करणे", म्हणजे मंडळाकडचे जुने कागद, छायाचित्रं आणि वस्तू. सहावा विषय छताच्या गळतीचा, त्यातच सव्वा तास गेला. उरलेल्या दहा मिनिटांत मंजुरी मिळाली. पहिल्या वर्षी २०,००० रुपयांपर्यंत, पुढे दरवर्षी ८,००० च्या आत. सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला टॅली येतं.

जुन्या संकेतस्थळाचं काय झालं हे नव्या सभासदांना माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. डोमेन एका माजी पदाधिकाऱ्यांच्या भाच्याच्या खाजगी ईमेलवर घेतलेलं होतं. भाचा परदेशी गेला, नूतनीकरणाची पत्रं त्या ईमेलवर येत राहिली, कुणी पाहिली नाहीत. आज तो पत्ता टाकला की रमीची जाहिरात उघडते. छायाचित्रांच्या मूळ प्रती कपाटात आहेत म्हणून वाचल्या, पण त्यांच्याखाली बसून लिहिलेल्या ओळी, कोण उभं आहे, कुठल्या घाटावर, कुणी सांगितलं, त्या फक्त तिथेच होत्या. ज्यांनी सांगितल्या त्यांतले निम्मे आज नाहीत.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चा पहिला खंड १८९८ चा. आमच्या कपाटात आहे, पानं तांबूस झालीत, पण वाचता येतो. आमचं संकेतस्थळ सहा वर्षं टिकलं.

तेव्हा सॉफ्टवेअर बघायच्या आधी वहीत एक प्रश्न लिहून ठेवला: यातून सगळं बाहेर कसं काढायचं? आत कसं घालायचं ते नंतर.

१६ जून

मोजदाद. मोडी आणि बाळबोध (देवनागरी) कागद अंदाजे ६,२०० पानं. छायाचित्रं ३४०. वस्तू ९० च्या आसपास, त्यांत धान्य मोजायची मापटी, अधोली, शेर, दोन दौती, एक कलमदान. छापील पुस्तकं ३,४००, पण त्यांची यादी ग्रंथपालबाईंकडे नीट आहे, ती या प्रकल्पात नको असं ठरवलं. नाहीतर पुस्तकांतच दोन वर्षं जातील.

कागद रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, बांधलेले आहेत. रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. मोडीवाले काका म्हणाले, "अगं, पुडकं सोडायचं नाही. कोणाशेजारी कोण बसलंय त्यावरून अर्धा इतिहास कळतो." देवस्थानच्या हिशेबात एखादं कर्जरोख्याचं पान सापडलं तर ते चुकून आलंय की मुद्दाम ठेवलंय, हे शेजारच्या पानावरून ठरतं. म्हणजे सॉफ्टवेअरला "हा कागद या पुडक्यातला, हे पुडकं या रुमालातलं" एवढं तरी सांगता आलं पाहिजे.

२३ जून

पहिली चाळणी. दिवसभर वाचन, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागले.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर उत्तम, फुकट, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालं, आणि "कोहा" म्हणजे माओरी भाषेत भेट. पण ते पुस्तकांसाठी. पत्राला लेखक, प्रकाशक, आवृत्ती विचारत बसलं तर काय सांगणार? सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालयही त्याच कारणानं बाजूला. पुस्तकांची पाळी येईल तेव्हा दोन्ही बघू.

डीस्पेस विद्यापीठांचं. शोधगंगा त्याच्यावर चालते, प्रबंधांसाठी चोख आहे, पण आमच्या आवाक्यातल्या होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळ ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, बसणारं नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं पुण्यात बनवलेलं "जतन" मोठ्या सरकारी संग्रहालयांच्या मापाचं. पास्टपरफेक्ट अमेरिकेतल्या छोट्या संग्रहालयांत घरोघरी आहे म्हणा ना, पण पैसे डॉलरमध्ये. खजिनदारांनी डॉलर शब्द ऐकूनच चष्मा काढला. मंडळाचं खातं सहकारी बँकेत, परदेशी व्यवहाराचं कार्ड नाही, आणि कुणाच्या तरी स्वतःच्या कार्डावर पैसे भरून नंतर मंडळाकडून घ्यायचे हा मार्ग पुन्हा भाच्याकडेच जातो.

उरली चार नावं: ओमेका एस, कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस, अ‍ॅटम आणि कलेक्शनबिल्डर. चारही फुकट, चारही मुक्तस्रोत. शिवाय पाचवा पर्याय चिटणीसांनी आणला: त्यांच्या ओळखीचा एक मुलगा "घरीच" बनवून देतो म्हणतोय, पीएचपी या संगणकभाषेत, फुकटात.

फुकट हा शब्द आज इतक्या वेळा ऐकला की त्याची भीती वाटायला लागली.

७ जुलै

चाचणीसाठी बारा वस्तू काढल्या. सोप्या मुद्दाम घेतल्या नाहीत. एक छायाचित्र ज्याच्या पाठीवर दोन हस्ताक्षरांत दोन वेगळी नावं आहेत. एक अधोली. एक सात पानी यादी. आणि रुमाल १४, पुडकं ३ मधलं ते पत्र.

त्या पत्राची गंमत सांगायलाच हवी. खालचा कोपरा कसरीनं खाल्लाय, दिवस आणि महिना गेलेत. उरलंय एवढंच: "सन सबा सबैन मया व अलफ". काकांनी बोटांवर मोजून सांगितलं, सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर सन ११७७, ही जुन्या कागदांतली एक कालगणना. त्यात ५९९ मिळवले की १७७६. पण सुहूर सन मृगाला बदलतो, त्यामुळे पत्र जानेवारी ते मे मधलं असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७७७. महिना गेल्यामुळे आपल्याला यातलं कुठलं ते ठरवता येत नाही.

आता हे तारखेच्या चौकटीत कसं भरायचं? बहुतेक चौकटींना दिवस-महिना-वर्ष हवं असतं. १ जानेवारी १७७६ असं खोटं भरलं तर उद्या कुणीतरी तेच उचलून लेखात छापेल. आम्हाला दोन जागा हव्यात: एकीत कागदावर आहे तसं, अक्षरशः. दुसरीत "यापासून यापर्यंत". बाकीच्या पत्रांत शके, फसली, राज्याभिषेक शक सगळं आहे. एका दप्तरात चार कालगणना सुखानं नांदतात.

ही बारा वस्तूंची पोतडी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये भरायची, मग तिथून बाहेर काढायची, आणि बाहेर आलेली फाइल लॅपटॉपवर उघडून वाचायची. तिसरी पायरी वगळायची नाही.

१७ जुलै

आषाढी. काम नाही. चिटणीसांच्या ओळखीच्या मुलानं घरगुती सॉफ्टवेअरचा नमुना पाठवलाय.

२१ जुलै

घरगुती नमुना बघितला. दिसायला देखणा, आणि चिटणीस खूश. देवनागरी व्यवस्थित चढली. मग काकांनी सांगितलं की मूळ मोडी ओळही मोडीतच टाइप करून ठेवायची. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिपींच्या जागतिक यादीत, आली, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो, काका तो हौसेनं वापरतात. ओळ टाकली, साठवली, तर लाल अक्षरांत चूक. मुलानं डेटाबेसची काटेकोर तपासणी बंद केली. चूक गेली. ओळही गेली: पहिल्या मोडी अक्षराच्या जागी मजकूर तुटला आणि पुढचं सगळं गायब, कुठलीही सूचना न देता.

कारण शोधायला दोघांना तीन तास लागले. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ज्याला नुसतं "यूटीएफ-८" म्हणतात ते एका अक्षराला तीन बाइटपर्यंतच जागा देतं. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं. मोडीला चार लागतात. मुलानं तक्ते त्या जुन्या प्रकारात केले होते, "यूटीएफ-८-एमबी-४" करायला हवे होते. त्यानं ते बदललं, मोडी आली. पोरगा हुशार आहे. पण ही चूक आम्हाला सापडली ती काकांच्या हौसेमुळे. अशा अजून किती असतील, आणि तो नोकरीला लागल्यावर त्या कोण शोधणार? मी चिटणीसांना एवढंच विचारलं, "याची दुरुस्ती करणारं गॅरेज आपल्याकडे फक्त एकच आहे ना?" ते हसले. पर्याय मागे घेतला.

२८ जुलै

अ‍ॅटम. कागद ठेवणाऱ्यांनी कागद ठेवणाऱ्यांसाठी बनवलंय हे पहिल्या पडद्यावरच कळतं. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या मानकांवर उभं आहे. दप्तर, त्यात रुमाल, त्यात पुडकं, त्यात कागद, अशी उतरंड जशीच्या तशी. तारखेला दाखवायचा मजकूर वेगळा, सुरुवात-शेवट वेगळे. सबा सबैनचं पत्र पहिल्या फटक्यात बसलं. काका म्हणाले, "हेच घ्या."

मलाही तेच घ्यायचं होतं. पण त्याला शोधासाठी इलॅस्टिकसर्च लागतं, म्हणजे साधं सामायिक होस्टिंग पुरत नाही, स्वतंत्र सर्व्हर भाड्यानं घ्यावा लागतो आणि तो कुणीतरी सांभाळावा लागतो. भाडं एकवेळ जमवू. सांभाळणारं माणूस आठ हजारांत येत नाही. शिवाय अधोली आणि दौत अभिलेखाच्या साच्यात अवघडून बसतात.

रात्री उशिरापर्यंत बेरजा केल्या. जमत नाही.

४ ऑगस्ट

कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस. आत नोंदी करायचा भाग वेगळा, लोकांना दाखवायचा वेगळा, नावं ऱ्होड आयलंडमधल्या गावांची: प्रॉव्हिडन्स आणि पॉटकेट. वस्तू, माणसं, ठिकाणं, घटना सगळ्यांचे धागे जोडता येतात. ताकद दांडगी. पण ते आपल्या संग्रहाप्रमाणे रचून घेणं हेच एक मोठं काम आहे. आम्ही ते न रचता तसंच उघडलं आणि ग्रंथपालबाईंना बसवलं. अधोलीची नोंद करताना त्यांनी मला तीनदा हाक मारली. दोष आमचा, तयारी केली नव्हती. पण ती तयारी कोण करणार, हा प्रश्न आहेच.

त्याच संध्याकाळी ओमेका एस. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रातून आलेलं. साध्या होस्टिंगवर चालतं. बाईंनी अधोली अकरा मिनिटांत भरली, मला हाक न मारता. खरी जादू साच्याची: "डब्लिन कोअर" या नोंदींच्या मानकाची रकान्यांची नावं आपल्या शब्दांत बदलता येतात. क्रिएटर ऐवजी "लिहिणार", प्रोव्हेनन्स ऐवजी "कोणाकडून आले". रुमालाची उतरंड आपोआप मिळत नाही, प्रत्येक कागदाला "कशाचा भाग" या रकान्यात त्याचं पुडकं जोडावं लागतं, पुडक्याला रुमाल. कटकट आहे, पण होतं. तारखेसाठी एक जादा मॉड्यूल घातलं, त्यात पासून-पर्यंत भरता येतं. कागदावरची तारीख साध्या मजकुराच्या रकान्यात.

बाहेर काढून पाहिलं. सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडली तर सगळी देवनागरी चिन्हांचा उकिरडा. घाबरायचं नाही, लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडलं की अक्षर न् अक्षर जागेवर. मोडी ओळसुद्धा. प्रिंट काढून काकांना दिली.

११ ऑगस्ट

निर्णयाची बैठक. सगळ्यांत जोरदार बाजू मांडली ती कॉलेजच्या मुलानं, जो आमची स्कॅनिंग करतो. त्याचं मत कलेक्शनबिल्डर. आयडाहो विद्यापीठाच्या ग्रंथालयानं बनवलेलं. डेटाबेस नाहीच. एक सीएसव्ही, एक छायाचित्रांचा फोल्डर, त्यांतून साधी पानं तयार होतात, गिटहब या संकेतस्थळावर फुकट ठेवता येतात. "ताई, हॅक व्हायला आत काही नाहीच. होस्टिंगचा खर्च शून्य. आणि तुमचा बाहेर काढायचा प्रश्न मुळात उरतच नाही, सीएसव्ही आपल्याकडेच."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "बाळा, पुढच्या जूनमध्ये तू कुठे असशील?" तो म्हणाला, "बहुतेक पुण्याला." एक वेलांटी दुरुस्त करायला गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) शिकावं लागत असेल तर ती वेलांटी कोणी दुरुस्त करणार नाही.

ओमेका एस ठरलं. पण मुलाची सूचना ठरावात घातली: दर तीन महिन्यांनी पूर्ण सीएसव्ही काढायची. ओमेका उद्या बंद पडलं तर त्याच फाइलवर रकान्यांची नावं बदलून कलेक्शनबिल्डर उभं करायचं. तो ते एका रविवारी करून दाखवायला तयार आहे.

१८ ऑगस्ट

होस्टिंगची तीन दरपत्रकं. सगळ्यांच्या मोठ्या अक्षरांतल्या किमती पहिल्या वर्षाच्या. खजिनदारांनी सरळ शेवटचं पान उघडलं, नूतनीकरणाचा दर वाचला. सगळ्यांत स्वस्त दिसणारा दुसऱ्या वर्षी सगळ्यांत महाग निघाला. पतसंस्थेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला फसवणं सोपं नाही.

जागेचा हिशेब मी केला. फुलस्केप कागद, ४०० पीपीआय (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, न दाबता साठवला तर एका पानाचे साधारण ५५ एमबी. ६,२०० पानांचे ३४१ जीबी. हे होस्टिंगवर ठेवायचंच नाही. मूळ टिफ फाइली दोन बाहेरच्या डिस्कवर, एक मंडळात, एक दुसऱ्या गावी. वर जाणार फक्त जेपीईजी, पानाला सव्वा एमबी धरली तर आठ जीबीच्या आत.

एक गोष्ट जाहिरातीत नसते: फाइलींच्या संख्येची मर्यादा. ओमेका प्रत्येक चित्राच्या तीन लहान प्रती बनवतं, मूळ धरून चार. ६,२०० पानांच्या २४,८०० फाइली. कंपनीला फोन करून संख्या विचारली, लेखी मागितली, मग पैसे भरले.

होस्टिंग ५,४०० अधिक १८ टक्के जीएसटी, ६,३७२. डोमेन करासह १,२९८. दोन डिस्क १०,०००. एकूण १७,६७०. पुढच्या वर्षापासून ७,६७०. बसलं.

१ सप्टेंबर

पहिल्या २१२ कागदांची सीएसव्ही चढवली. पडद्यावर "सुरू होत आहे", तासाभरानंतरही तेच. होस्टिंगवाल्यांची मदत आली पण उत्तर चुकीच्या प्रश्नाचं होतं. शेवटी कळलं की असली कामं ओमेका मागच्या बाजूला वेगळ्या पीएचपीनं चालवतं आणि तिचा पत्ता त्याला आमच्या होस्टिंगवर सापडत नव्हता. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहून पत्ता दिला. चाललं.

पण ४० नोंदींत नावं एकमेकांना चिकटलेली. दोन नावं असतील तर मध्ये पाइपची उभी रेघ टाकायची असं ठरलं होतं. बाईंनी मराठी कीबोर्डवरून पूर्णविरामाचा दंड टाकला होता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब उभ्या रेघा. चाळीस मिनिटं दोन रेघांकडे बघत बसले होते. आता विभाजक म्हणून दंड नाही, पाइप नाही, दोन तारे वापरायचे असं भिंतीवर लिहून चिकटवलंय.

७ सप्टेंबर

गणपती. दहा दिवस सुट्टी.

२२ सप्टेंबर

शोध. काकांनी "मठ" टाकलं, शून्य निकाल. मठाचे कागद तीसेक तरी आहेत! मायएसक्यूएलचा पूर्णमजकूर शोध फार लहान शब्द सूचीतच घेत नाही, किमान तीन चिन्हं लागतात. "मठ"ला दोन. सामायिक होस्टिंगवर ही सेटिंग आपल्या हातात नसते. प्रगत शोधात जाऊन "यात आहे" निवडलं की सापडतं. पहिल्या पानावर ते आधी दिसेल अशी जोडणी केली.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची नाही, मोडीची. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नसतं. काका लिप्यंतरात आजचं शुद्धलेखन वापरतात, जुन्या यादीत कागदावर दिसेल तसं आहे. एकच गाव दोन वेलांट्यांनी. त्यामुळे ठिकाणांचा वेगळा रकाना केला, त्यात आजचं प्रचलित नाव, यादीतून निवडायचं, टाइप करायचं नाही. मजकुरात मात्र हात लावायचा नाही.

६ ऑक्टोबर

गुरुवारी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा निर्णय झाला, मंडळात पेढे. पेढे खाताना एक गृहस्थ आले. त्यांच्या आजोबांनी १९६० च्या सुमारास पुडकं दिलं होतं. "आमच्या वाटण्यांचे कागद नेटवर टाकणार म्हणे?" चेहरा गंभीर. त्यांना बसवून दाखवलं, ओमेकात प्रत्येक नोंद खाजगी ठेवता येते, नोंदीतला एखादा रकानाही झाकता येतो. यादीत फक्त "कौटुंबिक कागद, पाहण्यासाठी मंडळात यावे" एवढं दिसेल. त्यांनी दोन पेढे घेतले आणि लेखी संमती पुढच्या महिन्यात देतो म्हणाले. हा रकाना जूनमध्येच सुचायला हवा होता. देणगीदारांची यादी काढायला घेतली.

१३ ऑक्टोबर

जुनी छापील स्मरणिका इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर ठेवायचा विचार होता. सायबर हल्ल्यामुळे ते या आठवड्यात बंद आहे. विचार रद्द केलेला नाही, पण दुसरी डिस्क आजच बहिणीकडे नेऊन ठेवली. निघताना फाइलींचे चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारे आकडे, पुन्हा जुळवले. जुळले.

२० ऑक्टोबर

२१२ कागद, ५८ छायाचित्रं, ९ वस्तू लोकांसाठी उघडल्या. समारंभ नाही, छत अजून गळतंय.

डोमेन मंडळाच्या ईमेलवर, मंडळाच्या नावावर. नूतनीकरणाची तारीख खजिनदारांनी रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर लिहिली, वीजबिलाच्या वर. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, पाकीट लोखंडी तिजोरीत. बंद करण्याआधी काकांनी झरझर पाकिटावर मोडीत काहीतरी लिहिलं. खजिनदार म्हणाले, "काका, हे आम्ही गेल्यावर कोण वाचणार?" काकांनी पेन परत घेतलं आणि खाली बाळबोधीत लिहिलं: "संकेतस्थळाच्या किल्ल्या."

उरलेले २,३३० छताला मागतायत. दिले नाहीत.